शांत करणे आणि गप्प करणे

चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या किंवा कोळशाच्या खाणींच्या वसाहतींतून दुपारच्या वेळी जाणाऱ्यास एखाद्या कुलूपबंद घरातून कुत्र्याचा आक्रोश ऐकू यावा, हे आता नवलाचे राहिलेले नाही. घरधनी पाळीवर गेलेला असतो, घरधनीण शाळेत शिकवावयास गेलेली असते, मुले आपापल्या वर्गांत असतात. आणि आत उरलेला तो प्राणी प्रथम कण्हतो, मग भुंकतो, मग दार ओरबाडू लागतो, आणि शेवटी असा लांब सूर काढतो की शेजारच्या घरात पाळण्यात निजलेले मूल दचकून उठते. संध्याकाळी मंडळी परततात तो उशा फाटलेल्या, दाराची चौकट कुरतडलेली, आणि जमिनीवर लाळेचे थारोळे. या अवस्थेला पशुवैद्यकाने रोग म्हणून मान्यता दिली आहे. आपण तिला वियोगभय म्हणू. तिच्यावर उपचारही निघाले आहेत, आणि त्यांतला एक असा की तो ऐकून आमच्या काही स्नेह्यांना हसू आले व काहींना संताप आला. खिन्नतेने किंवा चिंतेने ग्रासलेल्या माणसांना मानसोपचारतज्ज्ञ जी औषधे देतात, तीच औषधे या कुत्र्यांना द्यावयाची. हसणारे म्हणाले, आता कुत्र्यालाही मन आले! संतापणारे म्हणाले, ज्याला तुम्ही कोंडून ठेवता, त्याने कोंडल्याचे दुःखही करू नये म्हणून त्याला गोळी देता काय? हसणाऱ्यांना उत्तर देणे कठीण नाही. संतापणाऱ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

तत्पूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरी परतल्यावर नासधूस पाहून मालक ओरडतो, कुत्रा कान पाडून कोपऱ्यात सरकतो, आणि मालक म्हणतो, ‘बघा, चूक केल्याचे त्याला पुरते कळते!’ अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषीने २००९ साली या ‘अपराधी चेहऱ्या’ची परीक्षा केली. तो चेहरा कुत्र्याने अपराध केला आहे की नाही यावर अवलंबून नसून मालक रागावतो की नाही यावर अवलंबून असतो, असे तिला आढळले. निरपराध कुत्राही रागावल्यावर तसाच दिसे. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ते भय होय. वियोगभयाने पछाडलेला कुत्रा सूड म्हणून उशी फाडत नाही. मालक गेल्यावर थोड्याच वेळात त्याची छाती धडधडू लागते, लाळ गळू लागते, समोर ठेवलेले आवडीचे खाणे तो हुंगतही नाही, आणि दार फोडण्याच्या धडपडीत स्वतःची नखे व दात मोडून घेतो. अशा प्राण्याला संध्याकाळी छडी दाखवणे म्हणजे बुडणाऱ्याला पाणी उडवल्याबद्दल शिक्षा करणे होय.

आता हा रोग कोठे होतो व कोठे होत नाही ते पाहू. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनांनी व्यापलेला आहे. त्यात एटापल्ली-भामरागडच्या बाजूला माडिया गोंडांच्या गावांत गेले, तर कुत्रा आहे, पण त्याला साखळी नाही. मालक मोहफुले वेचावयास निघाला की तो पुढे धावतो. तेंदूपानांच्या हंगामात दिवसभर झाडाखाली पडून राहतो. आणि मालकाबरोबर नाही गेला तरी गावातली चार माणसे, दहा पोरे व आपल्या जातीचे पाचसहा सोबती त्याला असतातच. एकटे असणे म्हणजे काय याचा अनुभव त्याला जन्मात येत नाही. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की रोग शहराचा आहे व त्याचे औषध रान आहे. आम्हाला हे मान्य नाही. तो रानातला कुत्रा उपाशी असतो, डिस्टेंपरची साथ आली की तडफडून मरतो, पिसाळलेल्याच्या चाव्याने पिसाळतो, आणि पुष्कळदा एका रात्री बिबट्याच्या तोंडी जातो. त्याचे स्वातंत्र्य खरे आहे, आणि आयुष्य तोकडे आहे, हेही खरे आहे. चंद्रपुरात तर निवड याहून बिकट. ताडोबाचे अरण्य शहरापासून दूर नाही. दुर्गापूर, ऊर्जानगर या वस्त्या झाडीला लागून आहेत, आणि तेथे बिबट्या, क्वचित वाघही, माणसांच्या अंगणापर्यंत येतो. बिबट्याला कुत्र्यासारखे सोपे भक्ष्य नाही. मोकळा सोडलेला कुत्रा स्वतः मरतोच, शिवाय बिबट्याला वस्तीची वाट दाखवतो, आणि त्या वाटेवर मग एखादे मूल सापडते. तेव्हा येथे कुत्र्याला घरात ठेवणे ही नुसती मालकाची चैन म्हणता येत नाही.

पण कुत्रा घरात राहणे आणि घरात एकटा राहणे यांत जे अंतर आहे, ते आमच्या मते या प्रश्नाचे मर्म आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या मराठी घरात कुत्रा एकटा असण्याचा प्रसंगच येत नसे. ओसरीवर आजोबा असत, माजघरात आजी असे, कोणी विधवा आत्या असे, परसात धुणे चाले. कुत्र्याला कोणी विशेष जवळ घेत असे असेही नाही. आजी तर त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊ देत नसे. पण ती घरात आहे एवढे त्याला पुरे होते. आज त्याच कुटुंबाचे चार तुकडे चार गावी आहेत, आणि प्रत्येक तुकड्याच्या दाराला दिवसाचे आठ तास कुलूप आहे. कुटुंब विभक्त झाले याचा खेद वृद्धांना झाला, हे आपल्या साहित्याने पुष्कळ सांगितले. तो कुत्र्यालाही झाला, हे पशुवैद्यांना सांगावे लागले.

मग संतापणारे मित्र म्हणतात तेच खरे नव्हे काय? रोग माणसाने निर्माण केला. तर उपचार माणसाच्या राहणीवर करावा, कुत्र्याच्या मेंदूवर का? या युक्तिवादात एक गृहीत आहे, ते असे की कुत्र्याचे मन मूळचे स्वतंत्र होते व आपण त्यात बिघाड केला. वस्तुतः ते मन असे चिकटून राहणारे झाले तेच माणसाच्या सहवासात. १९५९ साली सायबेरियात नोव्होसिबिर्स्क येथे बेल्यायेव्ह या शास्त्रज्ञाने रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रदीर्घ प्रयोग सुरू केला. प्रत्येक पिढीतून माणसाला कमी भिणारे व कमी चावणारे कोल्हे तेवढे निवडून त्यांची वीण वाढवली. थोड्याच पिढ्यांत अशी पिले निपजू लागली की माणूस दिसताच शेपटी हलवीत, हात चाटीत, आणि लक्ष वेधण्यासाठी कुंईकुंई करीत. कोणी त्यांना रडावयास शिकवले नव्हते. सौम्यता निवडली, तिच्यासंगे लाचारीही आली. कुत्र्याच्या बाबतीत हीच निवड हजारो वर्षे चालली आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक प्राचीन दफन सापडले. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक कुत्रा. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे ते आहे. अलीकडे त्या कुत्र्याच्या दातांची तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की तो पिलू असताना डिस्टेंपरने आठवडेच्या आठवडे आजारी होता, आणि माणसाच्या शुश्रूषेवाचून तो त्यातून वाचलाच नसता. शिकारीला किंवा राखणीला तो त्या काळात कवडीच्या उपयोगाचा नव्हता. तरी कोणीतरी त्याला पाणी पाजले, ऊब दिली, साफ ठेवले. म्हणजे कुत्र्याचे माणसावर अवलंबून असणे जितके जुने, जवळजवळ तितकेच जुने माणसाचे त्याला औषधपाणी करणे. ज्याला आपण परावलंबी केले त्याच्या परावलंबनाचे दुःख हा आपला व्यवहार आहे. त्यात निसर्गाला मध्ये घालून सुटता येत नाही.

आणखी एक ऋण आहे, आणि ते विसरता कामा नये. मनाच्या चिकित्सेतील पुष्कळसे ज्ञान मुक्या प्राण्यांच्या यातनांतून मिळालेले आहे. पाव्हलोव्हच्या कुत्र्यांची नावे नव्हे, तरी त्यांची लाळ शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला महापूर आला, पाणी कुत्र्यांच्या कोठड्यांत शिरले, आणि त्यांना पोहवीत, बुडवीत कसेबसे बाहेर काढावे लागले. सगळी वाचली; परंतु काही कुत्र्यांची शिकवलेली सारी प्रतिक्रिया त्या दिवसानंतर नाहीशी झाली. त्यांतल्या एका कुत्र्याविषयी पाव्हलोव्हने जे नमूद केले, ते आमच्या विषयाला फार जवळचे आहे. प्रयोग करणारा मनुष्य एरवी दुसऱ्या खोलीत बसत असे; तो कुत्र्याजवळ येऊन बसला की हरवलेली प्रतिक्रिया परत येई, तो उठून गेला की पुन्हा लोपे. पुढे तर त्याचे कपडे नजरेआड ठेवले, तरी त्यांच्या वासाने गुण येई. आज पशुवैद्य घरधनिणीला सांगतो की जाताना आपले वापरलेले लुगडे कुत्र्याच्या अंथरुणावर ठेवा. अशा मोडलेल्या कुत्र्यांना पाव्हलोव्हने ब्रोमाइडही देऊन पाहिले. म्हणजे कुत्र्याच्या मनाला औषध ही कल्पना शंभर वर्षांची जुनी आहे. ती आजच्या श्रीमंतांचा लहरीपणा नव्हे.

भयावरची दुसरी चिकित्सा दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे या वैद्याने मांजरांवर शोधली. पिंजऱ्यात विजेचे धक्के दिल्यावर मांजरे त्या पिंजऱ्यात अन्नाला तोंड लावीनात. मग त्याने त्यांना प्रथम अगदी वेगळ्या खोलीत खाऊ घातले, नंतर थोड्या सारख्या दिसणाऱ्या खोलीत, असे करीत करीत त्याच पिंजऱ्यात आणले, भय ओसरले. १९५८ साली त्याने या पद्धतीचे शास्त्र माणसांसाठी ग्रंथरूपाने मांडले, आणि तिने असंख्य माणसांची भीती घालवली. तीच आता कुत्र्यांकडे परत आली आहे. मांजरांना धक्के देणे योग्य होते काय, हा प्रश्न वेगळा व अवघड आहे. पण एकदा घेतलेले ज्ञान ज्यांच्यापासून घेतले त्यांच्या कामी येऊ नये, असे म्हणणारा न्याय आम्हाला समजत नाही.

आता औषधांकडे वळू. अमेरिकेत १९९८ च्या अखेरीस क्लोमिप्रामीन आणि २००७ साली फ्लुओक्सेटीन ही औषधे कुत्र्यांच्या वियोगभयावर वापरण्यास सरकारी संमती मिळाली. दोन्ही माणसांच्या औषधपेटीतून आलेली. त्यांचा गुण घेतल्याबरोबर दिसत नाही. त्याला कित्येक आठवडे लागतात. कोणाची भूक मंदावते, कोणी सुस्तावतो. ती वैद्याच्या देखरेखीवाचून देऊ नयेत व मध्येच एकदम बंद करू नयेत. पण त्या संमतीतली एक अट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. औषध वर्तनशिक्षणाच्या जोडीने द्यावयाचे आहे, त्याच्या बदली नव्हे. भयाने आंधळा झालेला प्राणी काही शिकू शकत नाही. औषध भयाची पातळी इतकी खाली आणते की शिकणे शक्य व्हावे. पूर ओसरल्यावाचून पेरणी होत नाही, हे वैनगंगेकाठच्या धानाच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आणि पूर ओसरला म्हणजे पेरणी झाली, असेही तो समजत नाही.

येथेच आमच्या मते नीतीचा प्रश्न शरीरशास्त्राच्या एका बारकाव्यावर येऊन ठेपतो. ॲसेप्रोमाझीन नावाचे एक जुने औषध आहे. दिवाळीच्या फटाक्यांना किंवा प्रवासाला भिणाऱ्या कुत्र्यांना ते वर्षानुवर्षे दिले गेले. ते दिले की कुत्रा भुंकत नाही, धावत नाही, पडून राहतो. घरची मंडळी समाधानाने म्हणतात, ‘शांत झाला.’ परंतु वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांचा त्यावर आक्षेप आहे, तो असा की हे औषध अवयवांना जखडते, भयाला हात लावीत नाही. आतले भय तसेच, किंबहुना आवाजांना दचकणे अधिकच. फक्त ते दाखवण्याची शक्ती गेलेली. बाहेरून पाहिले तर दोन्ही कुत्रे सारखेच, एक भय गेल्यामुळे निजलेला व दुसरा भय असूनही हलू न शकणारा. पहिल्यावर उपचार झाला आहे. दुसऱ्यावर जे झाले, त्याला आम्ही उपचार म्हणणार नाही. शेजाऱ्यांची तक्रार दोन्ही प्रसंगी सारखीच मिटते. आणि ज्याअर्थी ती सारखीच मिटते, त्याअर्थी तक्रार मिटणे ही औषध यशस्वी झाल्याची खूण धरता येत नाही. खूण कुत्र्याकडे शोधली पाहिजे. मागे ठेवलेली भाकरी त्याने खाल्ली काय? तो कुशीवर पाय सैल सोडून झोपला, की दाराकडे तोंड करून ताठ बसून राहिला? लाळ गळली काय? आजकाल भ्रमणध्वनीचा कॅमेरा लावून हे पाहणे सोपे झाले आहे. जो मालक हे पाहण्याचे कष्ट घेतो त्याने गोळी दिली तर आम्ही त्याला दोष देणार नाही. आणि जो फक्त शेजाऱ्यांच्या भिंतीला कान लावतो, त्याने एकही गोळी दिली नाही तरी त्याची भूमिका आम्हाला निर्दोष वाटत नाही.

कुत्र्याची संमती कोठे आहे, असे कोणी विचारील. ती नाही. पाळण्यातल्या मुलाचीही नसते. संमती देऊ न शकणाऱ्याच्या वतीने निर्णय करण्याचा अधिकार पालकाला मिळतो तो पाल्याच्या हितापुरताच, आणि म्हणूनच वर सांगितलेली खूण हवी.

याहून बोचरा आक्षेप दुसरा आहे. ज्या गडचिरोलीत आजही दूरच्या गावातल्या बाईला बाळंतपणासाठी नाले ओलांडून यावे लागते, तेथे कुत्र्याच्या विरहाची चिकित्सा करण्यासाठी चंद्रपूरहून दीडशे किलोमीटर नागपूरला पशुवैद्यांकडे जाणे, हे अश्लाघ्य नव्हे काय? हा आक्षेप करणाऱ्यांच्या मनातील करुणेविषयी आम्हाला आदर आहे. परंतु त्यांचा हिशेब असा दिसतो की करुणा ही मापात मोजून भरलेली असते आणि कुत्र्याला दिलेली पळी माणसाच्या वाट्यातून जाते. याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा त्याच जिल्ह्यात पाहावे. १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे माडियांची वैद्यकी करू लागले. वीज नाही, रस्ता नाही, अशा त्या दिवसांत शिकारीहून परतणाऱ्या माडियांजवळ डॉ. प्रकाश यांना मारलेली माकडीण दिसली; तिचे जिवंत पिलू तिच्या मृत छातीला बिलगून होते. तांदूळ देऊन त्यांनी ते पिलू घेतले. पुढे अशी अनाथ पिले येत गेली, बिबट्यांची, अस्वलांची, हरणांची, आणि दवाखान्याशेजारी त्यांचे घर झाले. त्या पिलाला कोणी गोळी दिली नाही. त्याला अंगाखांद्यावर राहू दिले, कारण आईवाचून पडलेल्या पोराला दुसरे औषध नव्हते. आणि ज्या हातांनी ते पोसले त्याच हातांनी हजारो माडियांचे मलेरिया, अस्वलांनी फाडलेले चेहरे व अडलेली बाळंतपणे पाहिली. एकीकडची करुणा दुसरीकडे कमी पडली, असे तेथे कोणी म्हणू शकेल काय? उलट गावाला भूक असताना पोटापुरती शिकार करणाऱ्या माडियाला न हिणवता, त्याला तांदूळ देऊन पिलू घेणे, ही जी तारतम्याची दृष्टी, ती आम्हाला पुष्कळ प्राणिप्रेमी मंडळींत आढळत नाही. तेव्हा नागपूरची फेरी करणाऱ्याने ती संकोच न करता करावी. फक्त त्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचे मूल तापाने फणफणले असता त्याच्या गाडीला वेळ असतो की नाही, हेही त्याने पाहावे.

या सर्वांपेक्षा आम्हाला जो प्रकार सर्वांत अधिक सलतो त्याविषयी वैद्यकात बोलण्यासारखे फारसे काही नाही. चंद्रपूर व गडचिरोली हे बदलीचे जिल्हे. अधिकारी येतात, दोनतीन वर्षे राहतात, आणि कित्येक जण येथे आल्यावर बंगल्याच्या राखणीसाठी म्हणून पिलू पाळतात. मग हुकूम येतो, सामान ट्रकवर चढते, आणि कुत्रा फाटकाशी राहतो. नव्या साहेबाचे स्वतःचे कुत्रे असते. १९६० च्या प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक कायद्याने उपासमारीत टाकून देणे हा गुन्हा ठरवला आहे. पण फाटकाशी बसून राहणाऱ्याची फिर्याद कोण देणार? महाप्रस्थानाच्या कथेत इंद्र युधिष्ठिराला म्हणतो की भाऊ व द्रौपदी यांना मागे टाकून आलास, मग या कुत्र्यासाठी का अडतोस? युधिष्ठिराचे उत्तर वकिली वाटावे इतके नेमके आहे. ते मेले होते. मेलेल्यांना मी काही देऊ शकत नव्हतो. जिवंतपणी मी त्यांना टाकले नाही. आश्रयाला आलेल्या जिवंताला टाकणे तो महापातकांच्या पंक्तीला बसवतो. येथे कुत्र्याची योग्यता काय, तो धर्मराज होता की आणखी कोणी, हे युधिष्ठिराला ठाऊक नव्हते, हे ध्यानात ठेवावे. बदली झालेल्याला कुत्रा नेणे खरोखरच अशक्य असेल, तर निदान हुकूम येण्याची वाट न पाहता, ज्या घरी तो पुढे राहणार त्या घरी त्याला आधीच महिनाभर ये-जा करू द्यावी. नवे माणूस ओळखीचे झाल्यावर जुने गेलेले तो सोसू शकतो.

आणि ज्यांना सोडून जावयाचे नाही, फक्त सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी परतावयाचे आहे, त्यांनी औषधासोबतच्या शिक्षणाचा पहिला आठवडा कसा जातो ते आधीच जाणून घ्यावे. किल्ल्या उचलावयाच्या आणि कोठेही न जाता परत ठेवावयाच्या; चपला घालावयाच्या आणि आरामखुर्चीत बसावयाचे; असे इतक्यांदा, की कुत्र्याने किल्ल्यांच्या आवाजाला मान वर करणे सोडावे. मग दार ओढून घेऊन बाहेर अर्धा मिनिट उभे राहावयाचे, आणि कण्हणे सुरू होण्यापूर्वीच आत यावयाचे. नंतर एक मिनिट, दोन मिनिटे, पुन्हा एकच मिनिट, मग पाच. त्या दिवसांत त्याला खरोखर एकटे ठेवावयाचे नसते, म्हणून रजा काढावी लागते किंवा गावाकडून कोणाला तरी बोलवावे लागते. आजी येत असेल तर उत्तम. एरवी ज्याला क्षणाची उसंत नाही असा गृहस्थ मग भर सकाळी आपल्याच बंद दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर घड्याळ हातात धरून बसलेला दिसतो, आणि वर जाणारे शेजारी थांबून त्याला विचारतात, ‘काय हो, किल्ली आत राहिली काय?’